ऑफिसातून स्वस्तात रॅक सर्व्हर उचललाय, घरी नॅस (घरच्या नेटवर्कवर सगळ्यांना फाइल देणारं मशीन) करू की भंगारात देऊ?

धायरीवाला

मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर झालं असं की आमच्या ऑफिसने सर्व्हर रूम बंद केली, सगळं क्लाउडवर गेलं आणि जुना माल काढायच्या वेळी आयटीतल्या पोराने विचारलं कुणाला हवंय का, आणि मी हो म्हणून बसलो. साडेपाच हजारात डेल पॉवरएज आर ५१०, दोन यू उंचीचा (यू म्हणजे रॅकचा एक खण), पुढे १२ डिस्कचे कप्पे, आत दोन झिऑन ई ५६२० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, मागे दोन पॉवर सप्लाय. डिस्क एकही नाही, त्या कंपनीच्या नियमाप्रमाणे भोकं पाडून टाकल्या, नुसते कॅडी (डिस्क बसवायचे ट्रे) मिळालेत. रिक्षात घालून आणला तर रिक्षावाला म्हणाला साहेब तिजोरी घेतली का.

घरात फोटो आणि व्हिडिओ धरून साडेतीन टीबी डेटा आहे, तीन एक्स्टर्नल डिस्कवर विखुरलेला, त्यातली एक टकटक आवाज करायला लागलीये. गूगल फोटोजचं अमर्याद फुकट प्रकरण २०२१ च्या जूनमधे बंद झालं आणि आमचे १५ जीबी केव्हाच भरले. शिवाय बाबा भजनी मंडळात तबला वाजवायचे, त्या वेळच्या चाळीसेक कॅसेट मी दोन दिवाळीच्या सुट्ट्या घालवून कॉम्प्युटरवर उतरवल्यात, त्या गेल्या तर परत कुठून आणणार, कॅसेटना तर आता बुरशी लागलीये.

काल रात्री हॉलमधे टीव्हीखाली ठेवून पहिल्यांदा चालू केला. पहिले काही सेकंद जो काय आवाज झाला तो शब्दात सांगता येत नाही, वरच्या मजल्यावरच्या काकांनी इंटरकॉमवर विचारलं पाण्याची मोटर कुणी चालू ठेवलीये का. नंतर जरा शांत झाला पण शांत म्हणजे टेबल फॅन तीनवर असतो तसा. बायको काही बोलली नाही, फक्त लाइटबिल आणून माझ्यापुढे ठेवलं.

आता प्रश्न असे की नॅसची सिस्टीम म्हणून ट्रूनॅस टाकू की ओपनमीडियाव्हॉल्ट, आतलं डिस्क जोडायचं कार्ड पर्क एच ७०० आहे ते चालेल का, आवाज कमी करता येतो का, आणि बिल साधारण किती वाढेल. का सरळ भंगारवाल्याला फोन करू?

उंदीरमामा

वहिनींनी सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर आधी द्या राव, ट्रूनॅस वगैरे नंतर बघू.

हिशोब सोपा आहे, एक वॅट वर्षभर चालू ठेवला की पावणेनऊ युनिट. हा आर ५१० दोन प्रोसेसर आणि पाच-सहा डिस्कसकट काही न करता नुसता बसला तरी १८०-२०० वॅट खातो. १९० धरा, दिवसाला साडेचार युनिट, महिन्याला १३७. आता तुमचं बिल काढा आणि बघा तुम्ही कुठल्या स्लॅबमधे आहात, महावितरणचे स्लॅब १००, ३०० आणि ५०० ला बदलतात आणि लोक चूक ही करतात की सरासरी दराने गुणतात, अरे सर्व्हरचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या डोक्यावर येऊन बसणार ना, म्हणजे ते सगळ्यात महाग स्लॅबनेच लागणार. वर वहन आकार, वर इंधन समायोजन, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. माझ्या मागच्या बिलात शंभरच्या पुढचा युनिट सगळं धरून तेराच्या वर पडला होता. तुमचे आत्ता १८० युनिट जात असतील तर ३०० पण ओलांडाल.

थोडक्यात महिन्याला अठराशे ते दोन हजार. साडेपाच हजाराची वस्तू तीन महिन्यात स्वतःच्या किमतीएवढी वीज पिते. वर्षाच्या पैशात एक सेकंडहँड छोटा डेस्कटॉप आणि दोन नव्या डिस्क येतात.

आणि ते १९० वॅट जातात कुठे, सगळे उष्णता होऊन तुमच्याच हॉलमधे. मे महिन्यात कळेल.

जुनाखिळा

मामांचं बिलाचं बरोबर आहे पण प्रश्न कार्डाचा विचारला होता, त्याचं कुणीच बोलत नाहीये म्हणून सांगतो. पंधरा वर्षं हीच हमाली केलीये.

एच ७०० झेडएफएससाठी (ट्रूनॅस डिस्कवर जी फाइलसिस्टीम वापरतं ती) नको. वाईट कार्ड म्हणून नाही, ते ज्या काळात बनलं त्या काळी कार्डानेच रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणं) करायचं असा रिवाज होता, ते डिस्क जशीच्या तशी पुढे देतच नाही. मग लोक काय करतात, एकेका डिस्कचा एकेक रेड-शून्य बनवतात आणि वर झेडएफएस टाकतात. चालतं, वर्षभर चालतं, आणि मग कार्ड मेलं की त्याच घराण्यातलं दुसरं कार्ड शोधत लॅमिंग्टन रोडभर फिरायचं. शिवाय त्या कार्डावरची बॅटरी एवढ्या वर्षांनी शंभर टक्के गेलेली असणार, बॅटरी नसली की कार्ड राइट कॅश (लिहायचा डेटा आधी मेमरीत धरून ठेवणं) बंद करतं आणि लिहिण्याचा वेग बैलगाडीवर येतो, मग लोक म्हणतात सर्व्हर स्लो आहे.

पर्क एच २०० घ्या. त्यात एलएसआयची एसएएस २००८ चिप आहे, त्याला आयटी मोडचं फर्मवेअर मारलं की कार्ड मधे काही लुडबुड करत नाही, डिस्क सरळ ऑपरेटिंग सिस्टीमला दिसतात, स्मार्टचे (डिस्कच्या तब्येतीचे) आकडेही दिसतात. पण एक गंमत आहे, त्यात मी स्वतः एक अख्खा रविवार घालवलाय. या पिढीच्या डेलमधे स्टोरेज कार्डासाठी वेगळा राखीव स्लॉट असतो, त्या स्लॉटला आपलं ओळखीचंच कार्ड लागतं. फर्मवेअर बदललेलं कार्ड तिथे लावलं की चालू होतानाच स्क्रीनवर ‘इनव्हॅलिड पीसीआयई कार्ड फाउंड इन द इंटर्नल स्टोरेज स्लॉट’ असं येतं आणि मशीन हटून बसतं. मी कार्ड मेलं समजून दुसरं मागवलं, ते पण तसंच. शेवटी कार्ड शेजारच्या साध्या स्लॉटमधे सरकवलं, झालं. फक्त केबल तिथपर्यंत पुरते का ते आधी बघा.

आणि पर्क ६आय असलेला आर ५१० कुणी देत असेल तर बाकीच्यांसाठी सांगतो, त्यावर २ टीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण दिसत नाही. सेक्टरचा पत्ता ३२ बिटांचा, सेक्टर ५१२ बाइटचा, गुणाकार करा. एच २०० आणि एच ७०० ला ती अडचण नाही.

ट्रूनॅस की ओएमव्ही (ओपनमीडियाव्हॉल्ट), ३२ जीबी ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी) रॅम आहे तर ट्रूनॅस टाका, किमान ८ जीबी लागते. बूटला छोटी एसएसडी लावा, पेनड्राइव्हवरून बूट करू नका, मरतो.

आवाजाचं म्हणाल तर पुढचे जे रिकामे कॅडी आहेत ते काढून ठेवू नका. लोकांना वाटतं रिकामं ठेवलं की हवा खेळेल, उलट होतं, हवा सोप्या वाटेने निघून जाते, आत प्रोसेसरपर्यंत ओढ राहत नाही आणि पंखे अजून जोरात पळतात. वरचं झाकण उघडं ठेवलं तरी तेच. या मशीनमधला प्रत्येक प्लास्टिकचा तुकडा हवेला वाट दाखवायला आहे.

गुहागरी

आमच्याकडे कोकणात असला सर्व्हर ठेवणाऱ्यांसाठी माझा अनुभव.

मी पण हौसेने एक दोन यूचा घेतला होता, कंपनीचं नाव जाऊदे, माळ्यावर ठेवला, आवाज खाली येत नव्हता, मस्त चाललं होतं. पहिल्या पावसात स्क्रूंना गंज, ते एक ठीक. गणपतीत सगळे घरी जमलेले, आरती चालू आणि वरून फट् असा आवाज. वर जाऊन बघतो तर जळका वास. मागचा पॉवर सप्लाय ओढून काढला, आत पाल. म्हणजे पालीचं जे राहिलं होतं ते. मागच्या जाळीतून ऊब शोधत आत शिरलेली, शेपूट एका बाजूला चिकटलेलं आणि बाकीची दुसऱ्या. दुसरा पॉवर सप्लाय होता म्हणून मशीन बंदसुद्धा पडलं नव्हतं, त्याला मानलं पाहिजे, पण ती पाल काढायला घरात कुणी तयार होईना, शेवटी काकाने चिमट्याने काढली आणि मला दोन शिव्या हासडल्या.

तेव्हापासून मागे मच्छरदाणीची जाळी लावली, हवा थोडी अडते पण चालतं. दर महिन्याला ब्रशने झाडावी लागते.

दुसरं इन्व्हर्टर. घरातला साधा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर या सर्व्हरचे पॉवर सप्लाय त्यावर रुसतात, अॅक्टिव्ह पीएफसी (गुळगुळीत लहरीची वीज मागणारं सर्किट) असते त्यांना. माझा लाइट गेली की रीस्टार्ट व्हायचा, मला वाटायचं इन्व्हर्टर बदलायला वेळ घेतोय. प्युअर साइन वेव्हचा यूपीएस लावल्यावर बंद झालं. ६०० व्हीएचा कॉम्प्युटरचा यूपीएस असेल तर तो घेऊ नका हो, चालू होताना सगळ्या डिस्क एकदम फिरायला लागतात तेव्हा एकेक डिस्क २०-२५ वॅट ओढते, ते धरून मोजा.

धायरीवाला

बापरे, पाल. आमच्याकडे पण आहेत, ट्यूबलाइटमागे कायमच्या राहायला.

मामा, तुमचा हिशोब वाचून वॅट मोजायचा प्लग मागवला. आजचे आकडे, सहा जुन्या डिस्क लावून (ओळखीच्या सीसीटीव्हीवाल्याकडून २ टीबीच्या मिळाल्या) काही न करता १९४ वॅट. बटण न दाबता नुसता प्लग लावून ठेवला तरी १५ वॅट, हे कसलं?

उंदीरमामा

ते आयड्रॅक. लांबून मशीन चालू-बंद करायचा छोटा कॉम्प्युटर आतच असतो, तो कधी झोपत नाही. त्याचं वेबपेज आताच्या ब्राउझरमधे उघडणारही नाही, जुनं टीएलएस (ब्राउझरचं एन्क्रिप्शन) मागतं, उघडलंच तर कन्सोलला जुनं जावा मागेल. त्याला इंटरनेट अजिबात दाखवू नका, राउटरमधून पोर्ट उघडून ‘बाहेरून बघता येतं’ म्हणून मिरवणारे बरेच आहेत, २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असेच उघड्यावर ठेवलेले नॅस कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. बाहेरून लागलंच तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन. तसंही आपल्याकडे बरेच इंटरनेटवाले स्वतःचा असा पत्ता देतच नाहीत, सीजीनॅटमागे ठेवतात, पोर्ट उघडून काही उपयोग नाही, एका अर्थी देवच पावला.

आणि सीसीटीव्हीच्या डिस्क? त्यांचे तास बघा आधी.

केबलओढ्या

सगळे मिळून त्याला घाबरवताय राव, जरा दुसरी बाजू पण ऐका.

मी नाशिकला राहतो, घर बंगला, गाडीच्या शेडमागे खोली आहे, तिथे १८ यूचा रॅक आहे, त्यात आर ७१०, आर ७२०एक्सडी आणि नेटअॅपचं डीएस ४२४६ शेल्फ २४ डिस्कचं. छतावर सोलर आहे, दिवसा फुकट चालतं असं समजा. मला या भंगाराने नोकरी दिलीये, कारण मुलाखतीत विचारलं की डिस्क गेली तर काय कराल तेव्हा मी खरंच काढलेली होती, चालू मशीनमधून, लाल दिवा बघून. मिनी पीसीवर हे शिकता येत नाही.

आर ७१०, आर ७२० ला आयपीएमआयने (सर्व्हरला लांबून हुकूम द्यायची सोय) पंख्याचा वेग हाताने खाली आणता येतो. पण नुसता खाली आणून सोडून देऊ नका, तापमान बघत राहणारी छोटी स्क्रिप्ट लावा, ५५-६० च्या वर गेलं की परत ऑटोवर. माझ्या मित्राने स्क्रिप्ट न लावता २० टक्क्यावर ठेवून गावाला गेला, आल्यावर दोन डिस्क गेलेल्या.

जुन्या डिस्कबद्दल मात्र मी मामांच्या बाजूने. शेल्फबरोबर मला ज्या एसएएस (सर्व्हरवाल्या) डिस्क मिळाल्या त्या कुठल्याच मशीनला दिसेनात, म्हणजे दिसायच्या पण साइझ शून्य. कारण मोठ्या स्टोरेजवाल्यांच्या डिस्कचे सेक्टर ५२० बाइटचे असतात, ५१२ चे नाही, वरचे ८ बाइट त्यांच्या स्वतःच्या तपासणीसाठी. एसजी-फॉरमॅट नावाच्या कमांडने परत ५१२ करता येतं, एकेका डिस्कला सहा-सात तास, मधे लाइट गेली की पहिल्यापासून. चोवीस डिस्क. बायको विचारायची आज किती झाल्या, जसं काही पापड लाटतोय.

रिफर्बिश्ड म्हणून घेणार असाल तर नुसत्या स्मार्टच्या तासांवर विसंबू नका, ते शून्य करून विकतात. सीगेटच्या डिस्कमधे फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, त्यात खरे तास राहतात, २०२५ च्या सुरुवातीला नव्या म्हणून विकलेल्या बऱ्याच डिस्क त्यातूनच पकडल्या गेल्या होत्या. आणि कुठलीही डिस्क घेतली की आधी बॅडब्लॉक्स (डिस्क तपासायचा प्रोग्राम) लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण लिहून-वाचून काढा, ४ टीबीला दोन-तीन दिवस जातात, जाऊद्या.

धायरीवाला

तास बघितले. सहापैकी सगळ्यात कमी वापरलेली ४१ हजार तास, म्हणजे साडेचार वर्षांच्या वर अखंड. एकीत रीअॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बाजूला काढलेले) ३१२. ती परत देऊन टाकली. बाकीच्यांवर बाबांचा तबला ठेवायला मन होत नाहीये.

बेसमेंट_जर्सी

इकडे न्यू जर्सीत तळघर असतं म्हणून आमचं निभावतं. हिवाळ्यात कपडे वाळत घालतो सर्व्हरमागे. पण माझाही आर ५१० दोन वर्षांत बंद केला, पंख्यांमुळे नाही, बिलामुळेही नाही, कारण वेगळंच, बारा कप्पे दिसले की बारा डिस्क घ्याव्याशा वाटतात. डेटा होता ५ टीबी, जागा केली ४० टीबी, आणि बॅकअप एकही नाही कारण ४० टीबीचा बॅकअप कुठे ठेवणार. एकदा चुकून स्वतःच एक फोल्डर डिलीट केलं, रेडने इमानेइतबारे सगळ्या डिस्कवरून डिलीट केलं.

उंदीरमामा

हे सोन्यासारखं बोललात. धायरीवाले, तुमचा डेटा साडेतीन टीबी. त्याला लागतात दोन डिस्क, मिरर करून, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा. बारा नाही, सहा पण नाही.

माझं ऐकाल तर असं करा. रोजच्या वापराला एक सेकंडहँड ऑफिसचा छोटा टॉवर घ्या, सहाव्या-सातव्या पिढीचा आय ५, त्यात ३.५ इंची दोन डिस्क मावतील असा बघूनच घ्या, अगदी चपटे मिनी असतात त्यात नाही मावत. नव्या डिस्क घ्या, सीएमआर आहे ना ते मॉडेल नंबरवरून तपासून, एसएमआर (पट्ट्या एकमेकांवर चढवून लिहिणारी डिस्क, सीएमआर तशी नसते) झेडएफएसला छळते. तो २५-३० वॅट खाईल, महिन्याला वीस युनिट. फोटोंना इमिच, भजनांना जेलीफिन.

आणि हा रणगाडा आठवड्यातून एकदाच चालू करायचा. त्या पाच जुन्या डिस्क रेडझेड-२ करून, म्हणजे दोन गेल्या तरी चालेल, ६ टीबी जागा मिळते. चालू करा, झेडएफएस सेंडने नवीन बदल ढकला, बंद करा, भिंतीवरचं बटणही बंद करा. चार तास चालला तरी पाऊण युनिट. महिन्याला तीन. आणि बंद असलेल्या मशीनमधल्या फाइल ना कुणी कुलूपबंद करू शकत ना चुकून डिलीट. पाल मात्र शिरू शकते.

दुसरा प्रोसेसर आणि एक पॉवर सप्लाय काढून ठेवा, या कामाला लागत नाहीत.

जुनाखिळा

सहमत. दुसरा प्रोसेसर काढाल तेव्हा त्याच्या बाजूची रॅम पण काढा, त्या प्रोसेसरशिवाय ती दिसत नाही. आणि सॉकेटवर ते प्लास्टिकचं झाकण बसवा, पिना उघड्या ठेवू नका, आणि वर रिकाम्या जागेत ब्लँक असेल तर ते पण लावा, हवेचं मी वर लिहिलंय.

धायरीवाला

सव्वा महिन्याने अपडेट देतोय, धागा अर्धवट टाकून पळणाऱ्यांपैकी मी नाही.

टॉवर घेतला, तापकीर गल्लीत नाही मिळाला, ओळखीने एका क्लासवाल्याकडून मिळाला, त्यांनी बॅच बंद केलेली. दोन ४ टीबीच्या नव्या डिस्क, मिरर. मोजून २८ वॅट. टीव्हीखाली आहे, तो चालू आहे हे कुणाला माहीतसुद्धा नाही. बाबा आता टीव्हीवर स्वतः लावून त्यांच्या मंडळाची भजनं ऐकतात आणि सांगतात इथे माझी सम चुकलीये बघ.

आर ५१० ला एच २०० टाकलं, जुनाखिळा साहेबांनी सांगितलेला तोच मेसेज तस्साच आला, हसूच आलं, कार्ड शेजारच्या स्लॉटमधे घातलं, केबल ताणून का होईना पुरली. एक प्रोसेसर आणि एक पॉवर सप्लाय काढल्यावर १९४ चे १५० झाले, त्यात एक डिस्क पण कमी झालीये म्हणा. ठेवलाय कोरड्या बाल्कनीत, जुन्या लोखंडी कपाटात खालच्या फळीवर, मागचा पत्रा कापून जाळी लावली, गुहागरी तुमच्या पालीला स्मरून. कपाटाची खोली कमी पडली, हा सत्तर सेंटिमीटर लांब आहे हे आधी कुणी सांगितलं नाही, दार तसंच उघडं राहतं.

दर रविवारी सकाळी दहाला चालू करतो कारण त्या वेळी तशीही सगळ्या बिल्डिंगमधे मिक्सर चालू असतात. पहिल्यांदा सगळा डेटा जायला रात्र लागली, आता वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. घरात त्याला गिरणी म्हणतात, मुलगी विचारते बाबा आज गिरणी आहे का. एकदा मुद्दाम एक फोल्डर उडवून गिरणीतून परत आणून बघितलं, आलं. बिल मागच्या महिन्यापेक्षा २३ युनिटने जास्त, बायकोने ते पण पुढे आणून ठेवलं पण या वेळी चहाबरोबर.

काढलेली १६ जीबी रॅम पडून आहे, डेस्कटॉपमधे लावून बघितली तर चालू होत नाही?

जुनाखिळा

रजिस्टर्ड (सर्व्हरसाठीची) रॅम आहे ती, डेस्कटॉपमधे कधीच चालणार नाही. टाकू नका, स्पेअर म्हणून ठेवा.

केबलओढ्या

ठेवू नका, मला द्या. आर ७१० ला लागते. पुढच्या महिन्यात पुण्यात येतोय, मिसळ माझ्याकडून. तो काढलेला पॉवर सप्लाय पण देणार असाल तर दोन मिसळ.